डोक्यावर जमीन, पायाखाली आकाश

लोहाऱ्याहून उमरगा, हुमनाबाद ओलांडून पुढे गेले की बीदर लागते. तिथल्या हवाई दलाच्या तळावर 1996 साली सूर्यकिरण पथक उभे राहिले. आधी किरण आणि आता हॉक जातीची नऊ विमाने घेऊन ते आकाशात कसरती करते. त्या कसरती पाहिलेला एखादा मुलगा घरच्या संगणकावर सिम्युलेटर लावून बसतो, तेव्हा रोल (विमान लांबीच्या अक्षाभोवती फिरवणे) आणि लूप (उभ्या वर्तुळात उडणे) त्याला लवकर जमतात. घोडे अडते ते विमान उलटे करून एका उंचीवर, सरळ रेषेत ठेवताना.

सप्टेंबर 1913 मध्ये फ्रान्सच्या अडॉल्फ पेगू याने ब्लेरिओ विमान उलटे उडवून दाखवले. त्याआधी हँगरमध्ये आधारांवर विमान उलटे ठेवून, पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन तो त्यात लटकत राहिला होता. जमिनीवरच सराव करण्याची ही रीत आजही तितकीच मोलाची आहे.

सुरुवात पाच हजार फुटांवर करावी आणि विमान कसरतीचेच निवडावे, उदाहरणार्थ एक्स्ट्रा. त्याच्या पंखाचा छेद वर-खाली सारखा असतो, म्हणून ते उलटेही चांगले उडते. शिकाऊ सेसनाचे इंजिन अशा उड्डाणासाठी बनवलेले नसते. कीबोर्डवर हा सराव करू नये, साधी का होईना पण जॉयस्टिक, म्हणजे दांडी, हवी.

आधी नाक क्षितिजाच्या दहा-पंधरा अंश वर घ्यावे, दांडी मध्यावर आणावी, मग एका बाजूला रोल द्यावा. पंख उभे होऊन पुढे कलू लागले की दांडी हळूहळू पुढे ढकलायची आणि पंख क्षितिजाशी समांतर होताच रोल थांबवायचा. आता पडद्यावर जमीन वर आहे, आकाश खाली. जमीन पडद्यावर पसरत खाली येऊ लागली, तर नाक पडते आहे असे समजावे.

नेमका इथेच घात होतो. नाक पडताना दिसले की हात सवयीने दांडी मागे ओढतो. उलट्या विमानात मागे ओढणे म्हणजे अर्धा लूप घेत जमिनीकडे झेपावणे. वेग वाढतो, उंची झपाट्याने जाते. म्हणून पुढे ढकलायचे आणि ते बळ सोडायचे नाही. स्थिर उलट्या उड्डाणात जी-मापक उणे एक दाखवतो, उंचीचा काटा हलत नाही. ही दोन यंत्रे आणि क्षितिज, एवढ्यावर नजर फिरत राहावी. गोंधळ झालाच तर ओढू नये, रोल देऊन विमान सुलटे करावे.

वळताना आणखी एक पेच आहे. दांडी उजवीकडे नेली की विमान वैमानिकाच्या उजव्या अंगालाच कलते, पण त्याची दिशा डावीकडे वळते. पायांनी चालवायचे रडर मात्र आपली बाजू बदलत नाही, त्यामुळे हात आणि पाय विरुद्ध चालवावे लागतात. म्हणून सरळ रेषा पक्की होईपर्यंत वळण्याच्या नादी लागू नये.

घरातल्या खुर्चीवर डोक्यात रक्त उतरत नाही, पट्टे खांद्यात रुतत नाहीत. खऱ्या विमानात हे दोन्ही सोसावे लागते. त्यामुळे सिम्युलेटरवर कितीही हात बसलेला असला, तरी कसरतीचा पहिला धडा प्रशिक्षकाला शेजारी घेऊन, कसरतीला मान्यता असलेल्या विमानातच घ्यावा.