शंका, हिशेब आणि कार्यकर्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

निवडणुकीत पराभव झाला की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "आपली माणसे घराबाहेर पडलीच नाहीत." दुसरा म्हणतो, "माणसे पडली होती, मोजणीत घोळ झाला." पहिल्या वाक्यात आपल्यावर येणारी जबाबदारी असते, म्हणून ते हळू आवाजात उच्चारले जाते. दुसरे वाक्य मोठ्याने उच्चारले जाते आणि त्याला टाळ्याही मिळतात. या दोन वाक्यांपैकी खरे कोणते, हे कसे ठरवायचे? आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे आणि त्यासाठी अमेरिकेतील एका पक्षांतर्गत निवडणुकीची हकिकत सांगणार आहे. परक्या देशाचे उदाहरण घेण्याचे कारण साधे आहे. तेथे आपले कोणीच उभे नव्हते. त्यामुळे मन शांत ठेवून विचार करता येतो.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे श्रेष्ठी बंद खोलीत ठरवीत नाहीत. राज्याराज्यांतून पक्षाचे मतदार आपली पसंती नोंदवितात. काही राज्यांत 'प्रायमरी' होते. ती बहुधा सरकारी निवडणूक यंत्रणा घेते. काही राज्यांत 'कॉकस' होते, म्हणजे पक्षाने स्वतःच भरविलेल्या मतदारांच्या सभा. हा भेद ध्यानात ठेवावा. कॉकसमध्ये सभा भरविणारा पक्ष, मते मोजणारा पक्ष आणि निकाल सांगणाराही पक्षच असतो.

आयोवा हे मक्याच्या शेतीचे राज्य. ३ जानेवारी २०१२ रोजी कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सात वाजता तेथे रिपब्लिकन पक्षाच्या सभा भरल्या. एकूण १,७७४ विभाग. शाळा, चर्चची सभागृहे, ग्रंथालये अशा ठिकाणी शेजारीपाजारी जमले. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने कोणी तरी दोन शब्द बोलले, मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून मत दिले गेले आणि चिठ्ठ्या तेथेच मोजल्या गेल्या. पद्धत मोठी गोड आहे. तिच्यात ग्रामसभेचा जिव्हाळा आहे. पण ठरल्या वेळी प्रत्यक्ष हजर राहणे आवश्यक. रात्रपाळीची परिचारिका, तान्ह्या बाळाची आई, सीमेपार तैनात असलेला सैनिक यांना तेथे स्थान नव्हते. पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची संख्या सहा लाखांच्या घरात असताना मते पडली सुमारे १ लाख २१ हजार.

स्पर्धेत मिट रॉम्नी, रिक सँटोरम आणि रॉन पॉल आघाडीवर होते. रॉन पॉल हे टेक्सासचे लोकप्रतिनिधी, पेशाने डॉक्टर, वय ७६. तरीही त्यांच्याभोवती गर्दी होती ती तरुणांची. महाविद्यालयांतील त्यांच्या सभा भरगच्च होत. डिसेंबरमधील काही पाहण्यांत ते पहिल्या क्रमांकावर होते. निकालाच्या रात्री ते सुमारे २१ टक्के मतांसह तिसरे आले आणि त्यांच्या अनुयायांत तीच दोन वाक्ये ऐकू येऊ लागली. एक गट म्हणत होता, ही गर्दी गेली कुठे? मते चोरली गेली. दुसरा गट म्हणत होता, सभेला येणारा मुलगा कॉकसला आला की नाही, हे आपण पाहिले का?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. मतदानाच्या तीन दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या 'डे मॉइन रजिस्टर' या तेथील दैनिकाच्या शेवटच्या पाहणीत पॉल यांना २२ टक्के पाठिंबा दाखविला होता. मिळाले २१. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ लावण्यासाठी चोरीची कल्पना करण्याची आवश्यकताच नव्हती. सभेतील गर्दीला आपण मते समजलो, ही चूक आपल्या देशातही पुष्कळांनी केलेली आहे.

मग त्या रात्री सारे आलबेल होते काय? तसेही नव्हते.

मोल्टनची नोंद

त्या रात्री पक्षाने जाहीर केले की रॉम्नी आठ मतांनी विजयी झाले. रॉम्नी ३०,०१५ आणि सँटोरम ३०,००७. वृत्तपत्रांनी मथळे सजविले. पण मोल्टन नावाच्या एका लहानशा गावात रॉन पॉल यांचा एक तरुण समर्थक स्वतः मोजणीत सहभागी होता. मोजणी संपल्यावर त्याने सगळे आकडे एका कागदावर उतरवून घेतले होते. घरी येऊन त्याने जाहीर झालेला तपशील पाहिला. त्याच्या कागदावर रॉम्नी यांना दोन मते होती. जाहीर तपशिलात बावीस. आघाडी आठ मतांची आणि एका गावात फरक वीस मतांचा!

या तरुणाची भूमिका पाहा. ही चूक दुरुस्त झाल्याने त्याच्या नेत्याला काहीच मिळणार नव्हते. लाभ झाला तर सँटोरम यांना होणार होता. तरीही त्याने आपला कागद जगापुढे ठेवला. अंतिम निकाल बदलेल असे मानण्यास कारण नाही, अशी पक्षाची पहिली प्रतिक्रिया होती. पुढे प्रत्येक विभागाचे सही केलेले कागद गोळा करून पडताळणी झाली, तेव्हा शंभराहून अधिक विभागांच्या आकड्यांत चुका आढळल्या. १९ जानेवारीला प्रमाणित आकडे आले. सँटोरम २९,८३९, रॉम्नी २९,८०५. सँटोरम चौतीस मतांनी पुढे होते. आठ विभागांचे कागद मात्र कधी मिळालेच नाहीत.

तोवर १० जानेवारीला न्यू हॅम्पशायरचे मतदान उरकले होते आणि 'दोन्ही राज्ये जिंकणारा उमेदवार' म्हणून रॉम्नी यांचा गाजावाजा झाला होता. सँटोरम यांना न्याय मिळाला, पण उशिरा मिळाला आणि त्या विलंबाची भरपाई कोणालाच करता आली नाही. राज्य पक्षाच्या अध्यक्षांनी त्याच महिन्याच्या अखेरीस राजीनामा दिला.

बंधुभगिनींनो, कोणी कट रचून मते फिरविली, असे या प्रकरणात सिद्ध झालेले नाही. सिद्ध झाला तो ढिसाळपणा. परंतु सामान्य मतदाराच्या घरातून पाहिले तर ढिसाळपणा आणि लबाडी यांचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून ढिसाळ संघटनेला "आमची नियत स्वच्छ होती" एवढे म्हणून सुटता येत नाही.

पुढच्याच महिन्यात मेन राज्यात हीच कथा अधिक केविलवाण्या रूपात घडली. ११ फेब्रुवारी २०१२ रोजी पक्षाने रॉम्नी यांना १९४ मतांनी विजयी घोषित केले. एकूण मते जेमतेम साडेपाच हजार; नोंदणीकृत रिपब्लिकनांच्या दोन टक्क्यांच्या आसपास. हिमवर्षावाच्या अंदाजामुळे वॉशिंग्टन नावाच्या जिल्ह्याची सभा पुढे ढकललेली होती आणि तेथील मते धरली जाणार नाहीत, असे प्रथम सांगण्यात आले. काही ठिकाणचे आकडे यादीत आलेच नव्हते. पॉल यांचे समर्थक खवळले. पुढे त्या जिल्ह्याची सभा झाली, तेथे पॉल यांना आघाडी मिळाली, आकडे सुधारले गेले, अंतर घटले. पण रॉम्नी पुढेच राहिले. म्हणजे पक्षाने घाई केली नसती, तरी निकाल तोच लागला असता आणि शिवाय विश्वासही टिकला असता!

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. आयोवात अंतर चौतीस मतांचे होते आणि विभाग १,७७४ होते. म्हणजे दर बावन्न विभागांमागे एक मत. मेनमध्ये १९४ मते म्हणजे एखाद्या गावातील दोन-चार आळ्या. ज्यांना चोरीचा संशय होता, त्यांनी आपल्या ओळखीच्या प्रत्येक घरातून आणखी एक माणूस त्या थंडीत बाहेर काढला असता, तर घोळाला निकाल फिरविण्याइतकी जागाच उरली नसती. उपस्थिती जितकी कमी, तितके एका चुकीच्या आकड्याचे वजन अधिक आणि तितकेच अफवेचे बळही अधिक.

पॉल यांच्या समर्थकांतील एका गटाने हे ओळखले. आरडाओरडा करण्याऐवजी त्यांनी नियमपुस्तिका वाचली. त्या रात्रीच्या मतांनी प्रतिनिधी बांधले जात नव्हते. ते पुढे जिल्हा आणि राज्य अधिवेशनांतून निवडले जाणार होते. तेथे हे कार्यकर्ते शेवटपर्यंत बसून राहिले. परिणाम असा झाला की ऑगस्टमध्ये टॅम्पा येथील राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ मतांपैकी २२ मते रॉन पॉल यांना पडली. मेनमध्येही त्यांनी बहुतांश जागा मिळविल्या. मात्र अधिवेशनात त्यांच्यापैकी अनेकांना बसू दिले गेले नाही. उमेदवारी रॉम्नी यांनाच मिळाली. पण आपल्याच निष्ठावंतांना दाराबाहेर ठेवणाऱ्या पक्षाने त्या दिवशी काय गमावले, याचाही विचार व्हायला हवा.

संशय आणि परिप्रश्न

गीतेच्या एकाच चौथ्या अध्यायात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. संशयाने ग्रासलेला मनुष्य नाश पावतो, ही एक. आणि त्याच्या थोडे आधी ज्ञानासाठी परिप्रश्न करावा, ही दुसरी. संशयी माणसाला उत्तर नकोच असते. उत्तर मिळाले तर तो नवा संशय काढतो. परिप्रश्न करणारा उत्तर स्वीकारायला तयार असतो, मग ते आपल्या विरुद्ध का असेना. मोल्टनच्या तरुणाने केला तो परिप्रश्न.

अशा प्रश्नातून नियम कसा घडतो, हेही आयोवानेच दाखविले. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये हिलरी क्लिंटन यांनी बर्नी सँडर्स यांच्यावर अवघ्या पाव टक्क्याने मात केली. सँडर्स यांच्या समर्थकांनी प्रत्यक्ष शिरगणतीचे आकडे मागितले. ते दिले गेले नाहीत. खदखद राहिली. पुढे सुधारणा झाली आणि २०२० मध्ये प्रत्येक मतदाराची पसंती प्रथमच सहीच्या कागदावर घेतली गेली. त्या रात्री आकडे पाठविण्यासाठी केलेले मोबाईल अ‍ॅप कोलमडले, दूरध्वनी तुंबले, निकाल लांबला, पक्षाची नाचक्की झाली. परंतु कागद शिल्लक होते, म्हणून आकडे पुन्हा पडताळता आले. चार वर्षांपूर्वीच्या तक्रारीनेच ती सोय करून ठेवली होती.

आपण यातून काय घ्यायचे? आपल्याकडे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने मतदान प्रतिनिधीला नमुना १७-सी ची साक्षांकित प्रत द्यावयाची असते. त्यात किती मते नोंदली गेली, याचा हिशेब असतो. ती प्रत न घेता घरी गेलेल्या प्रतिनिधीला मोजणीच्या दिवशी शंका घेण्याचा नैतिक अधिकार किती उरतो, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. मतदार यादीत आपल्या वस्तीतील नावे आहेत की नाहीत, हे मतदानाच्या सकाळी कळणे ही तक्रार असते. दोन महिने आधी कळणे हे काम असते.

आणि ज्येष्ठांना, पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती. एखादा तरुण कार्यकर्ता कागद घेऊन आपल्याकडे आला, तर त्याला शिस्तभंग म्हणू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि त्याचा कागद आपल्या कागदाशी ताडून पाहा. त्याचे चुकले असेल तर त्याला ते तेथेच पटेल. आपले चुकले असेल, तर ते बाहेरच्याकडून कळण्यापेक्षा घरच्याकडून कळलेले बरे. आणि तरुणांनो, तुम्ही येताना कागद घेऊन या.

एवढे सांगून मी थांबतो.