बोअरमधली मोटर आणि तीन वायरी

पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या आपल्या दुष्काळी पट्ट्यात मोटर बोअरमध्ये शेकडो फूट खाली सोडलेली असते. २०१९ सालच्या पीएम-कुसुम योजनेनंतर आणि पुढे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आल्यावर शेतोशेती सौर संच उभे राहिले. त्यातल्या काहींमध्ये ब्रशलेस मोटर असते. तिच्या रोटरवर चुंबक असतात, भोवती तीन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या. रोटर कुठवर आला आहे ते पाहून कंट्रोलरने दर वेळी योग्य त्या दोन वाइंडिंगमध्ये वीज सोडायची असते.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकात रोटरची ही जागा बहुधा चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर सांगतात. त्यासाठी पाच बारीक वायरी वेगळ्या लागतात. बोअरमध्ये त्यांच्या एखाद्या जोडात पाणी शिरलं, तर मोटर पाइपांसकट वर काढावी लागेल. म्हणून इथे सेन्सरच नसतो. वीज नेणाऱ्या तीन वायरीच रोटरची खबर वर आणतात.

हलत्या चुंबकाजवळच्या गुंडाळीत वीजदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं. दोन वाइंडिंगमध्ये वीज असताना तिसरं मोकळं असतं. त्यातला हा दाब शून्य ओलांडतो तो क्षण कंट्रोलर टिपतो. तिथून विद्युत कोनाचे ३० अंश पुढे गेलं, की वीज वाइंडिंगच्या पुढच्या जोडीत वळवायची. अशा दोन क्षणांमधला वेळ मोजला, की वेगही कळतो.

पण थांबलेल्या मोटरीत हा दाब नसतोच. म्हणून कंट्रोलर आधी रोटरला एका ठरावीक जागी आणतो, मग काही काळ अंदाजानेच फिरवतो आणि दाब पुरेसा झाला की मोजमापावर येतो. स्कूटरला जोर सुरुवातीलाच हवा असतो, तिथे हा अंदाज अपुरा पडतो. पंपावर मात्र कमी वेगात भार अगदी थोडा असतो, त्यामुळे निभावतं. वाळूने पंप अडकला असेल तर मोटर याच टप्प्यात अडखळते; तेव्हा कंट्रोलर जळाला असं लगेच समजू नका.

बोअरचं पाणी पंपाच्याही खाली गेलं की भार हलका होतो, त्याच वेगाला करंट कमी लागतो. हे ओळखून कंट्रोलर कोरडा पंप बंद करू शकतो.

एक गोष्ट मात्र त्याला उमगत नाही. जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. रोटरची जागा बरोबर, वेगही बरोबर, म्हणून कंट्रोलर तक्रार करत नाही. पाणी तेवढं कमी पडतं. नवा पंप बसवल्यावर धार बारीक वाटली, तर मोटर वर काढण्याआधी कंट्रोलर बंद करून जाणकाराकडून दोन वायरी बदलून पाहा.