वस्तू आधी, विशेषण मागाहून

चार वर्षांच्या मुलाला ‘विशेषण’ हा शब्द ठाऊक नसतो. विशेषणे मात्र ठाऊक असतात. ‘मला मोठा लाडू हवा’, ‘दूध कढत आहे’, ‘ओला सदरा नको’ असे ते बिनचूक बोलते. हे व्याकरण त्याला कोणी शिकविलेले नसते. ते भुकेच्या आणि चटक्याच्या वाटेने त्याच्यापाशी आलेले असते. आधी अनुभव आणि मागाहून शब्द, हा क्रम निसर्गानेच घालून दिला आहे. शाळेत पुष्कळदा तो उलटतो. फळ्यावर व्याख्या येते, तिच्याखाली दहा विशेषणे येतात, आणि मूल ती पाठ करते. मग निबंधात प्रत्येक बाग ‘सुंदर’ होते व प्रत्येक गाय ‘गरीब’ होते.

घरातही एका शब्दाने फार जागा व्यापली आहे. आंबा छान, पाऊस छान, नवी चप्पल छान, आजीची गोष्टही छान! या ‘छान’मधून मुलाचा आनंद कळतो; आंबा कळत नाही. तो आंबट होता की गोड, रेषाळ होता की रसाळ, हे सांगण्यासाठी मुलाला क्षणभर आंब्याकडे लक्ष द्यावे लागते. विशेषण शिकविणे म्हणजे खरोखर हे लक्ष शिकविणे होय.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह उघडले. तेथील शिक्षणात या क्रमाला पद्धतशीर रूप मिळाले. मुलाच्या बोटांखाली एक खरखरीत पृष्ठभाग यावा, एक गुळगुळीत यावा, आणि त्याच क्षणी शिक्षिकेने मोजके शब्द उच्चारावेत, ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’. त्यानंतर तिने मागावे, ‘खरखरीत कोणते ते दे’. सर्वांत शेवटी विचारावे, ‘हे कसे आहे?’ सेग्वँ या फ्रेंच वैद्यापासून घेतलेल्या या तीन पायऱ्यांत मुलाचे तोंड सर्वांत शेवटी उघडते. त्याआधी हाताला आणि कानाला पुरेसा अवसर मिळालेला असतो.

ही साधने महाग असतात, ही अडचण खरी. पण तिचा उलगडा महाराष्ट्रातच झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणात स्थान दिले. तीच दृष्टी ठेवली तर कोणत्याही घराचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. एका पिशवीत करवंटी, रिठा, चिंचोका, कापूस आणि खडीसाखर घालावी. मुलाने न पाहता आत हात घालावा व हाताला काय लागले ते सांगावे. चिंचोका गुळगुळीत, रिठा सुरकुतलेला, कापूस मऊ, आणि करवंटी? ती बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. एकाच वस्तूला दोन विशेषणे लागू शकतात, हा केवढा मोठा धडा एका करवंटीत सामावला आहे!

दुसरा धडा तुलनेचा. लिंबू लहान की मोठे? आवळ्याशेजारी ठेवले तर मोठे, मोसंब्याशेजारी ठेवले तर लहान. लिंबू तेच असते, शेजारी बदलतो. मुलाला हे कोडे फार आवडते.

मराठीचे वैभव तर याच दालनात आहे. येथे प्रत्येक रंगाचा सोबती वेगळा: पांढरा तो शुभ्र, काळा तो कुट्ट, लाल तो भडक, पिवळा तो धमक, हिरवा तो गार. मऊपणातही किती छटा! कोवळे गवत लुसलुशीत, भिजलेले शेवाळे बुळबुळीत, ताजी पोळी लुसलुशीतही आणि मऊसूतही. हे शब्द वस्तूसमवेत कानी पडले तरच टिकतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत याला आणखी एक बाजू आहे. मराठीत आकारान्त विशेषण नामाचे लिंग पाहून रूप बदलते: मोठा दगड, मोठी शिळा, मोठे झाड. ‘लाल’ मात्र बदलत नाही: लाल घोडा, लाल टोपी, लाल फूल. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणून इंदूरचे किंवा दिल्लीचे मराठी मूल ‘मोठा घर’ म्हणते, ‘चांगली पुस्तक’ म्हणते. अशा वेळी हसू नये व नियमही सांगू नये. ‘हो, मोठे घर आहे. त्याला मोठे दार आहे, मोठी खिडकी आहे, मोठा जिना आहे’, एवढेच बोलावे. मुलाचा कान उरलेले काम करतो. हसणाऱ्या घरात मात्र मूल हळूहळू मराठी बोलणेच सोडून देते, आणि ती हानी एका चुकलेल्या प्रत्ययाहून फार मोठी असते.

विशेषणे वस्तूंपाशी थांबत नाहीत. ती माणसांनाही चिकटतात. ‘वेंधळा’, ‘हट्टी’, ‘रडकी’ ही विशेषणे मूल पिशवीत हात घालून शिकत नाही. ती त्याच्यावर येऊन पडतात. जांभळाला ‘काळे’ म्हणताना तोंडाला पाणी सुटते आणि मुलीला ‘काळी’ म्हणताना आवाज खाली येतो, हा फरक मुलाच्या कानातून निसटत नाही. शब्द तोच, पण पहिल्या ठिकाणी ते वर्णन असते, दुसऱ्या ठिकाणी निवाडा. ज्या मुलाला वारंवार ‘वेंधळा’ म्हटले जाते, ते एक दिवस त्या शब्दालाच आपले नाव समजू लागते.

कढत दूध निवते, कच्चा पेरू पिकतो, ओला सदरा वाळतो, हे मुलाला कळते. विशेषण बदलू शकते, हे त्याला वस्तूंनीच शिकविलेले असते. तेच औदार्य मोठ्यांनी मुलाविषयी दाखवावयास हवे. हातून पेला पडला तर ‘पाणी सांडले, फडके आण’ असे म्हणावे. त्यात पाहिलेले तेवढेच आहे आणि पुढे काय करावयाचे तेही आहे. असे बोलणे ज्याच्या कानी पडले, ते मूल उद्या दुसऱ्या माणसाविषयी शब्द वापरताना आधी नीट पाहील.