एक ठसा, पन्नास छाप



आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले, कोणी द्राक्षबागायतदार. मी चित्रकलेची शिक्षिका झाले. संयोजकांनी दिलेली दहा मिनिटे मी भेंडी-कांद्यावर खर्च करणार आहे.

भेंडी आडवी कापली की फूल मिळते, कांदा कापला की वलये. हे ठसे आपण सगळ्यांनीच उमटवले आहेत. मुद्रणाचे एक जुने तत्त्व त्यातच आहे : उंच भागाला रंग लागतो, खोल भाग कोरा राहतो. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून छापलेली पंचम जॉर्जची तिकिटेही अशाच उठाव पद्धतीची. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, हेही मी मुलांना आवर्जून सांगते.

माझ्या वर्गात प्रत्येकाला रंगपेटी परवडत नाही. म्हणून मी द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे जमवते. मासा, पान, घर असा आकार कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवायचा, रेषेसाठी सुतळी. रात्रभर वाळू द्यायचे. पोस्टर रंगात थोडी मैद्याची खळ घातली की तो ओघळत नाही. स्पंजच्या तुकड्याने रंग टिपून लावायचा, वर कागद ठेवून पळीच्या पाठीने घासायचे. बटाट्याचा ठसा असेल तर आधी फडक्याने कोरडा करायचा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग फिका पडतो. अक्षरे उलटी चिकटवायची. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाची नावे उलटी उमटतात आणि वर्ग हसून घेतो. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारी मुलेही त्या हसण्यात असतात, आणि दुसरा ठसा आधी तीच करतात.

पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला आलेल्या एका कुटुंबातला मुलगा माझ्या वर्गात होता. वर्गात फारसा बोलत नसे. त्याने पुठ्ठ्याचा बैल केला, शिंगांना सुतळी लावली. हंगाम संपला, घरचे निघाले. एक छाप तो घेऊन गेला, ठसा वर्गातच राहिला. पुढच्या आठवड्यात मुलांनी त्याच ठशाचे पन्नास छाप काढले आणि भिंतभर बैलांचा कळप उभा केला. जूनमध्ये तो परत आला नाही. हजेरीपटावर त्याचे नाव नाही, भिंतीवर बैल आहेत.

रंगवलेले चित्र एकच असते, ते कोणीतरी एकजण नेतो. ठशाचे तसे नाही. नेणाऱ्यालाही मिळते, राहणाऱ्यालाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या मुला-नातवंडांच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताला दिला जात असेल, तर पालकसभेत त्याबद्दल जरूर विचारा. गणित हवेच, पण हाही तास हवा.

मागच्या टेबलावर भेंडी, कांदे, रंग आणि कोरी वही ठेवली आहे. जेवणाआधी प्रत्येकाने एक ठसा उमटवून खाली नाव लिहायचे आहे. पहिले पान आपल्या शिक्षकांसाठी राखून ठेवले आहे.