बंद यंत्राची निगा

भीमा नदी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सरहद्दीवरून वाहत आमच्या अफजलपूर तालुक्यात येते. गाणगापूर याच तालुक्यात असल्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी हा मुलूख डोळ्यांनी पाहिला असेल. एरवी उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्यांतून वाट काढणारी ही नदी ऑक्टोबर २०२० मध्ये अशी काही फुगली की, काठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली. वरून अतिवृष्टी आणि तिकडे उजनी धरणातून सोडलेले पाणी, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या होत्या. त्या दिवसांतील एका रात्रीची हकीकत सांगून मी आजच्या विषयाला सुरुवात करणार आहे.

माझ्या आईला जुना दमा आहे. दम्याचा जोर वाढला म्हणजे नेब्युलायझर लावून औषधाची वाफ द्यावी लागते आणि त्या यंत्राला वीज लागते. म्हणून मी घरी एक लहानसे पेट्रोलवर चालणारे जनित्र, म्हणजे आपण नेहमी म्हणतो तो जनरेटर, घेऊन ठेवला होता. बटण दाबले की सुरू होणारा, त्यावर ताडपत्रीचे आच्छादन, जवळच पेट्रोलचा डबा! आता कशाची चिंता नाही, असे मी खुशाल मानून चाललो होतो. त्या रात्री वीज गेली, आईला धाप लागली आणि मी धावत जाऊन बटण दाबले. आतून ‘टक्’ असा एक आवाज आला. पुन्हा दाबले, पुन्हा ‘टक्’. इंजिन काही हलले नाही. हाताने ओढावयाची दोरी होती, परंतु कित्येक महिने बंद असलेले ते इंजिन माझ्या बळाला दाद देईना.

शेवटी शेजारचे अण्णा कंदील घेऊन आले. ते ट्रॅक्टर चालवणारे गृहस्थ. आवाज ऐकताच ते म्हणाले, “मास्तर, बटण कितीही दाबा, तिच्या पोटात काही असेल तर ना!” त्यांनी आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणली, तारा जोडल्या आणि जनरेटर सुरू झाला. या साऱ्या खटाटोपात दीड तास गेला. तो दीड तास आई उशीला टेकून, एकेक श्वास मोजीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी उजेडी पाहतो तो काय! बॅटरीला जोडलेल्या लहान चार्जरची पिन भिंतीवरून काढलेली होती. ती मीच काढली होती. त्या वर्षी शाळा बंद होत्या. मुलांना मोबाइलवरून शिकवावे लागे आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी मी ती जागा वापरली होती. पिन परत लावावयाची राहून गेली ती गेलीच. दोष यंत्राचा नव्हता, कारखान्याचाही नव्हता. तो सर्वस्वी माझा होता.

श्रोतेहो, जनरेटर ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. वीज नसेल तेव्हा वीज निर्माण करणे हे तिचे काम. पण तिला स्वतःला जागे होण्यासाठी आधी थोडी वीज लागते. ती थोडी वीज म्हणजेच बॅटरी. पूर्वी मोटारगाड्या दांडा फिरवून सुरू करीत आणि तो दांडा उलटून कित्येकांचे हात मोडत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा ‘सेल्फ’ बसवला आणि ते संकट टळले. परंतु तेव्हापासून इंजिनाचे सारे भवितव्य बॅटरीच्या हाती गेले, हेही तितकेच खरे.

ही बॅटरी आतून कशी असते? १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधून काढलेली रचनाच आजही मुळात कायम आहे: शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा पट्ट्यांवर शिसे-सल्फेटाचा थर बसतो. चार्ज केली की तो थर विरघळून पट्ट्या पुन्हा स्वच्छ होतात. आम्ही शिक्षक मंडळी फळ्यावर खडूने लिहितो, ते लगेच पुसले तर एका हाताने निघते. सुट्टीभर तसेच राहिले तर मात्र ओल्या फडक्यानेही त्याचा डाग जात नाही. बॅटरीचेही नेमके असेच आहे. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर त्या थराचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीही चार्ज केले तरी तिची मूळची शक्ती परत येत नाही. काम करून बॅटरी झिजते हे खरे. परंतु घरच्या जनरेटरची बॅटरी बहुधा कामाने मरत नाही, ती निष्काळजीपणाने मरते.

कोणी विचारील, वापरच नाही तर ती उतरते कशी? याला दोन कारणे आहेत. एक तर ती आपोआपच थोडी थोडी उतरत असते आणि उष्णता वाढेल तसा हा वेग वाढत जातो. आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. दुसरे कारण म्हणजे जनरेटरवरील इवलासा दिवा किंवा आकडे दाखवणारी पाटी. समजा, ती फक्त २० मिलिअँपिअर वीज खाते. दिवसाला हा खर्च जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो आणि महिन्याला सुमारे चौदा. ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीची दोनपंचमांश शक्ती अशी कोणाच्या नकळत निघून जाते.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे योग्य चार्जर. गॅरेजमध्ये असतो तसा साधा चार्जर महिनोन् महिने लावून ठेवणे घातक आहे. त्याने पाणी आटते. बॅटरी भरली की आपणहून दाब साडेतेरा व्होल्टांच्या आसपास आणून ठेवणारा, म्हणजे ‘फ्लोट’ पद्धतीचा चार्जर घ्यावा. कडक उन्हाळ्यात हा दाब सुमारे तीनदशांश व्होल्टने कमी असलेला बरा. चांगले चार्जर उष्णता ओळखून तो स्वतःच कमी करतात. परंतु हा चार्जर घरच्या विजेवरच चालतो, हे विसरू नये. वीज चार दिवस नसेल तर चार्जरही चार दिवस उपाशीच. म्हणून जेथे ऊन मुबलक आहे, तेथे दहा-वीस वॅटची लहान सौर पाटी कंट्रोलरसह जोडून ठेवणे फार शहाणपणाचे आहे. ऊन ही आमच्या भागाला न मागता मिळालेली देणगीच आहे.

दुसरा उपाय म्हणजे मोजमाप. शेदोनशे रुपयांचा मल्टिमीटरही या कामाला पुरतो. चार्जर काढून काही तास जाऊ द्यावेत आणि मग व्होल्ट पाहावेत. बारा व्होल्टांची बॅटरी १२.६ किंवा त्याहून अधिक दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी. १२.४ दाखवली तर चार्ज करावी. १२ वर आली असेल तर ती जवळजवळ रिकामी झाली आहे. मात्र केवळ एवढ्यावर विसंबू नये. सेल्फ मारतानाही आकडा पाहावा. तो साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी वरून भरलेली दिसली तरी आतून खचलेली आहे. तिला आता निरोप द्यावा.

तिसरा उपाय सवयीचा. महिन्यातून एकदा जनरेटर सुरू करावा आणि नुसता फिरवू नये, तर पंखे, दिवे जोडून अर्धा तास चालवावा. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी, पुसून कोरडी करावी, नट घट्ट आवळावेत आणि वर व्हॅसलीन लावावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी मुळीच घालू नये, त्यातील क्षार पट्ट्यांची नासाडी करतात.

हे करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ काडी ओढू नये. हातातील अंगठी, बांगडी काढून ठेवावी. तारा सोडवताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. दुसऱ्या वाहनाची बॅटरी उसनी घेण्याची वेळ आली तर दोन्ही बारा व्होल्टांच्याच आहेत याची आधी खात्री करावी. धनाला धन जोडावे आणि ऋणाची तार उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाहेर कितीही पाऊस असो, चालू जनरेटर घरात किंवा बंद पडवीत कधीही आणू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेला माणूस त्यातून उठतच नाही. त्या रात्री मलाही तो मोह झाला होता. अण्णांनी मला अडवले आणि छपरीखाली, भिंतीपासून लांब, तो ठेवायला लावला.

आता आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जनरेटर सुरू होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्या दिवसाच्या चौकटीत व्होल्टचा आकडा लिहितो. चार्जरच्या पिनेवर लाल कागद चिकटवला आहे. आई अंगणात खुर्ची टाकून बसते आणि इंजिनाचा आवाज आला की समाधानाने मान हलवते. पुरानंतर ती मला एकदाच काय ते बोलली होती, “अरे, यंत्र आणलंस हे चांगलं केलंस. पण मध्ये कधी त्याची विचारपूस केलीस का?”

श्रोतेहो, संकटासाठी वस्तू घेऊन ठेवणे म्हणजे अर्धीच तयारी. उरलेली अर्धी तयारी संकट नसतानाच्या दिवसांत, दर महिन्याला थोडी थोडी करावी लागते. तुमच्या घरी जनरेटर असेल तर उद्या वीज जाण्याची वाट न पाहता एकदा त्याचे बटण दाबून पाहा. ‘टक्’ एवढाच आवाज आला, तर तो आज दिवसाउजेडी आला, हे आपले भाग्यच समजा.