मोबाइलांतील ठेव आणि तिची प्रत

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो दिसावयास अगदीं लहान आहे. मोबाइल फोनमधील ॲपें आणि त्यांतील मजकूर संगणकावर उतरवून सुरक्षित कसा ठेवावा, एवढाच तो विषय. परंतु लहान वस्तूची किंमत ती हरवल्यावरच कळते, असा आपणां सर्वांचा अनुभव आहे. माझाहि तोच आहे.

मी कर्वेनगरांत राहतों. या भागाचें जुनें नांव हिंगणें बुद्रुक. १९०० सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं आपला आश्रम येथें आणला, तेव्हां हा सारा मोकळा माळ होता. आतां येथें मजल्यांवर मजले चढले आहेत. राजाराम पुलावर उभें राहिलें म्हणजे खालीं मुठा दिसते. एरव्हीं ती शांत असते. पण १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या.

माझी आई त्या वेळीं शनिवार पेठेंत राहणारी शाळकरी मुलगी होती. ती सांगे कीं, पाणी ओसरल्यावर आजीनें भांडीं शोधलीं आणि आजोबांनीं कागद शोधले. भांडीं पुष्कळशीं सांपडलीं. कागदांचा मात्र लगदा झाला होता. मुलांचे दाखले, लग्नांतील एकुलता एक फोटो, घराचें खरेदीखत, सर्व गेलें. परंतु खरेदीखताची एक नक्कल साताऱ्यास धाकट्या काकांच्या ट्रंकेंत होती. त्या एका नकलेच्या आधारावर पुढील सर्व खटपट पार पडली.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं आईकडून ही हकीकत सविस्तर वदवून घेतली. माझ्या फोनमध्यें ध्वनिमुद्रणाचें एक ॲप होतें. रोज थोडें थोडें करीत तिचें जवळजवळ तीन तासांचें कथन त्यांत सांठलें. पुढें ती गेली. नंतर एकदां तें ॲप अडखळूं लागलें, तेव्हां कोणी सांगितलें, "काढून टाका आणि पुन्हां घाला, म्हणजे ठीक चालेल." मीं तसें केलें. दोन मिनिटांत ॲप परत आलें. त्यांत आई नव्हती.

त्या दिवसापासून मीं या विषयाचा थोडासा अभ्यास केला. तो आपणांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट अशी कीं, ॲप निराळें आणि ॲपमधील मजकूर निराळा. ॲप ही बरणी. मजकूर हें लोणचें. बरणी फुटली तर बाजारांत तशीच दुसरी मिळते, बहुधा फुकटहि मिळते. लोणचें मात्र आपल्या घरचें असतें. तें कोणताहि दुकानदार परत देऊं शकत नाहीं. आपण बहुतेक जण बरणीची काळजी वाहतों आणि लोणच्याला विसरतों.

एके काळीं बरणीहि संगणकावर ठेवतां येत असे. आयफोनचीं ॲपें आयट्यून्सच्या द्वारें संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय होती. सप्टेंबर २०१७ मध्यें ती काढून घेण्यांत आली. आतां संगणकावर आयफोनचा बॅकअप घेतला, तर त्यांत ॲपांचा बराचसा मजकूर येतो, पण मूळ ॲपें येत नाहींत. तीं ॲप स्टोअरमधून पुन्हां उतरवून घ्यावीं लागतात. म्हणून दुकानांतून काढून टाकलेलें जुनें ॲप बॅकअप असूनहि परत मिळेलच असें नाहीं.

अँड्रॉइडचा प्रकार थोडा वेगळा. तेथें ॲपची स्वतंत्र फाइल असते. ती 'एपीके' या नांवानें ओळखली जाते. पूर्वीं ती एकच फाइल संगणकावर ठेवली तरी पुरे होई. अलीकडे बरींच ॲपें तुकड्यातुकड्यांनीं फोनमध्यें येतात, म्हणून एक तुकडा जपून उपयोग होत नाहीं. शिवाय फाइल जपली तरी ती बरणीच! केबल लावून संगणकावरून ॲपांतील मजकूर काढून घेण्याची जी एक जुनी युक्ति होती, तीहि २०२१ मध्यें आलेल्या अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या ॲपांपुरती बंद पडली आहे.

"पण गूगल आपोआप बॅकअप घेतेंच ना?" असें आपण म्हणाल. घेतें, पण त्या आपोआप होणाऱ्या सोयीला दर ॲपमागें २५ एमबींची मर्यादा आहे, आणि ॲप करणारानें ती सोय बंद ठेवली असेल तर तेवढेंहि मिळत नाहीं. तीन तासांचा आवाज एवढ्याशा जागेंत मावणें कठीण. माझी आई परत कां आली नाहीं, हें मला तेव्हां उमजलें.

आतां करावें काय? उपाय साधा आहे. एका कागदावर फोनमधील ॲपांचीं नांवें लिहावीं, आणि प्रत्येकापुढें एकच प्रश्न घालावा: 'हें नाहींसें झालें, तर यांतील काय परत मिळणार नाहीं?' बहुतेक नांवांपुढें कांहींच लिहावें लागणार नाहीं. चार-पांच नांवें उरतील: टिपणांचें, हिशेबाचें, आवाजाचें, छायाचित्रांचें आणि गप्पांचें. त्या चार-पांचांचीच खरी चिंता करावयाची.

त्या ॲपांच्या सेटिंग्जमध्यें 'एक्स्पोर्ट' किंवा 'बॅकअप' अशी सोय आहे कीं काय, तें पहावें. असेल तर तिच्या योगानें मजकूर साध्या फाइलच्या रूपानें बाहेर काढावा. नंतर फोन केबलनें संगणकास जोडावा. केबल लावतांच फोन बहुधा नुसता चार्ज होऊं लागतो. पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडला म्हणजे आंतील फोल्डर संगणकावर दिसतात. त्यांतून हव्या त्या फाइली घेऊन, तारखेचें नांव दिलेल्या फोल्डरमध्यें ठेवाव्या.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना. फोन व इंटरनेटवरील सांठा यांची सदैव बरोबरी राखणारी जी 'सिंक' नांवाची सोय असते, तिला प्रत समजूं नये. एकीकडे पुसलें तर ती दुसरीकडेहि पुसते. दुसरें असें कीं, पैशांचीं ॲपें या खटपटींतून वगळावीं. यूपीआयचें ॲप फोनशीं आणि सिमशीं बांधलेलें असतें. नव्या फोनमध्यें तें नव्यानेंच नोंदवावें लागतें. पैसा बँकेंत असतो, ॲपमध्यें नव्हे. मात्र लॉगिनचे सहा आंकडे दाखविणारें ॲप असेल, तर जुना फोन देऊन टाकण्यापूर्वीं तें नव्या फोनमध्यें हलवावें. एरव्हीं आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभें राहण्याची पाळी येते.

आयफोनचा बॅकअप घेतांना तो कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो. तो अवश्य निवडावा; कारण सांठविलेले पासवर्ड आणि प्रकृतीच्या नोंदी त्याच प्रकारांत येतात. पण त्याचा पासवर्ड विसरला तर तो बॅकअप उघडत नाहीं. म्हणून तो एका वहींत लिहून ती कपाटांत ठेवावी, आणि घरांतील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावें.

या शास्त्रांतील जाणत्यांनीं एक सोपा नियम घालून दिला आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. फोन व संगणक एकाच टेबलावर असतील, तर चोर दोन्ही नेतो आणि पाणी दोन्ही भिजवितें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत शिरलें, हें आपण पाहिलेंच आहे. आजोबांना हा नियम कोणी शिकविला नव्हता. पण साताऱ्याची ट्रंक म्हणजे दुसरें काय होतें?

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत घेतली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. ती उघडून पहावी. एखादें छायाचित्र दिसतें का, एखादा आवाज ऐकूं येतो का, हें महिन्यांतून एकदां तपासावें. जी प्रत कधीं उघडली नाहीं, ती आहे असें मानूं नये.

मीं आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं हें काम करतों. अर्धा तास पुरतो. त्या दिवशीं प्रथम एक फाइल उघडून ऐकतों. आईच्या कथनांतील एक तुकडा मीं पूर्वीं माझ्या बहिणीस पाठविला होता. तेवढाच काय तो वांचला, कारण तो माझ्यापाशीं नव्हता. तींत आई सांगते कीं, आजोबा साताऱ्याहून नक्कल घेऊन आले, ती त्यांनीं उन्हांत धरून पुन्हां पुन्हां वाचली, आणि लगेच दुसरी नक्कल करावयास बसले.

श्रोतेहो, येत्या रविवारीं आपणहि तसेंच बसावें, एवढीच माझी विनंती आहे.