रव्याचा बर्फ

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात संस्थेच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'नाताळची सजावट' हा विषय दिला तेव्हा बी विंगमधल्या एका मित्राने विचारलं, "तुमचा काय संबंध हो?" संबंध आहे. गेली अठरा वर्षं सी विंगच्या जिन्याशेजारी, स्टिल्टमध्ये, जो गोठा आणि बर्फाचं गाव उभं राहतं ते तळमजल्यावरच्या अंकलचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा हमाल, हरकाम्या आणि बर्फ चाळणारा मी, हे फार कमी जणांना ठाऊक असेल.

आता बर्फाचंच घ्या. काचेचा गोळा हलवला की आत बर्फ पडतो, ते खेळणं तुम्ही पाहिलंय. व्हिएन्नातल्या अशा गोळ्यात पहिला बर्फ कशाचा होता माहीत आहे? रव्याचा! आपल्या शिऱ्याचा, उपम्याचा रवा. व्हिएन्ना शहरात एर्विन पेर्झी नावाचा एक कारागीर होता, शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा. गोष्ट 1900 सालची. त्या काळी विजेच्या दिव्याचा उजेड मंद असायचा, ऑपरेशनला पुरायचा नाही. चांभार लोक दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी आणतात, हे त्याला माहीत होतं. त्या पाण्यात काही चमकदार टाकलं तर उजेड वाढेल, म्हणून तो एकेक पदार्थ टाकून बघत होता. रवा टाकला. उजेड काही वाढला नाही, पण पांढरे कण भिजून हळूहळू खाली बसायला लागले आणि त्याला त्यात हिमवर्षाव दिसला. मग त्याने मारियात्सेल इथल्या प्रसिद्ध चर्चची छोटी प्रतिकृती गोळ्यात बसवली. नाताळचं झाड, सांताक्लॉज हे सगळं पुढच्या पिढीने आणलं. व्हिएन्नात तोच उद्योग आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि त्यांच्या बर्फाची कृती गुपित आहे. (आमच्या बँकेत तिजोरीच्या किल्ल्यासुद्धा इतक्या गुपचूप ठेवत नसत.)

मुलांनो, हा गोळा घरी होतो. जॅमची रिकामी बरणी घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र घट्ट चिकटवा, एक दिवस वाळू द्या. उकळून गार केलेलं पाणी भरा आणि केमिस्टकडचं ग्लिसरीन दोन-तीन चमचे. ग्लिसरीनने पाणी किंचित दाट होतं, म्हणून कण रेंगाळत पडतात. अंड्याचं टरफल स्वच्छ धुऊन, वाळवून, चुरून घातलं की झाला बर्फ. रवा मात्र घालू नका, चार दिवसांत आंबेल आणि आई बरणीसकट बाहेर काढेल.

जर्मनीत एर्झगेबिर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या खाणी हळूहळू बंद पडत गेल्या तेव्हा खाणकामगार पोटासाठी लाकूडकामाकडे वळले. झाइफन हे त्यातलं गाव. तिथे ओल्या लाकडाची मोठी चकती लेथवर फिरवून कातारी अशी कोरतात, की नंतर ती केकसारखी कापली तर प्रत्येक फाकेत एक घोडा किंवा मेंढी निघते! फिरत असताना प्राणी दिसतच नाही. कातारी अंदाजाने कोरत असतो. अंकल गोदीत सुतार होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लेथ पायजे रे."

गोठ्याची प्रथा जुनी. 1223 साली इटलीत ग्रेच्चो इथे संत फ्रान्सिसने खरा बैल आणि गाढव उभं करून देखावा केला, तिथपासून ती वाढली. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात, अळीव पेरून हिरवळ आणतात. अंकलच्या घरी आंटी ताटांत नाचणी पेरतात. मला तर हे एकाच घराण्यातलं वाटतं. अंकलच्या गावात पाइनच्या शेजारी एक माडही असतो, बर्फात! विचारलं तर म्हणतात, येशू सगळीकडे जन्मतो.

पूर्वी आमचा बर्फ थर्माकोलचा असायचा. 2018 साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा दोघं डोकं धरून बसलो. मीठ वापरून पाहिलं तर मुंबईच्या हवेत त्याला पाणी सुटतं. कापूस दिव्याजवळ धोक्याचा. शेवटी उपाय देवघरासमोरच सापडला, पांढरी रांगोळी! फेविकॉल लावायचा आणि चहाच्या गाळणीतून वरून रांगोळी चाळायची. खरा बर्फही वरूनच पडतो ना? मग तो आपोआप छपरावर आणि फांद्यांच्या वरच्या अंगालाच बसतो. बाटली धुवायचा ब्रश कात्रीने निमुळता कापला की पाइन. आरशाच्या तुकड्यावर बटर पेपर ठेवला की गोठलेलं तळं. मोठी घरं पुढे, लहान मागे, म्हणजे सहा फुटांत मैलभर गाव दिसतं.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत अंकलना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चालत नाही. आणि गेल्या सर्वसाधारण सभेत, ती सहा बाय चारची जागा दोन स्कूटरना द्यावी असा ठराव पुढे आला. माजी खजिनदार म्हणून सांगतो, त्यातून मिळणारी रक्कम खरी आहे, मी स्वतः आकडेमोड केली आहे. ठराव मांडणाऱ्या सभासदांची अडचणही खरी आहे, त्यांना रात्री गाडी गेटबाहेर लावावी लागते. माझी विनंती एवढीच, की अकरा महिने स्कूटर उभ्या राहोत, डिसेंबरचे वीस दिवस जागा मोकळी असावी, आणि हे आजच्या आश्वासनावर न ठेवता सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं. त्या वीस दिवसांत माझ्या गाडीची जागा त्या दोघांना देतो, हेही लिहून घ्या.

अंकल खुर्चीवर बसून सांगणार आहेत, हात आपले लागतील. सहावी-सातवीतली तीन मुलं तयार आहेत, अजून पाच हवीत. मोठ्यांपैकी ज्यांना सुई ओवता येते त्यांनी नाव द्यावं. येत्या रविवारी दुपारी चार वाजता, जिन्याशेजारी. येताना जुनी गाळणी आणि कात्री घेऊन या. ब्रश मी डझनभर आणून ठेवले आहेत.